पाच किलो गहू, पाच माणसे

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. जळगाव जिल्ह्यातल्या गावी आयुष्य गेले आणि चार वर्षांपूर्वी यजमानांसह पुण्यात मुलाकडे राहायला आले. गावी फाल्गुन सरला की आमच्या गल्लीत वाळवणाची धांदल सुरू व्हायची. कुरडया, ज्वारीचे बिबडे, शेवया, उडदाचे पापड असे वर्षाचे सगळे घरीच व्हायचे. मागच्या एप्रिलमध्ये मी हौसेने पाच किलो गहू भिजवले. चार दिवस ओट्यावर पातेली राहिली, आंबूस वास घरभर झाला आणि चौथ्या दिवशी सकाळी सुनेची ऑनलाइन मीटिंग चालू असतानाच माझा मिक्सर सुरू झाला. ती एवढेच म्हणाली, ‘आई, हे सगळं बाहेर छान मिळतं हो, कशाला त्रास घेता?’ मुलगा काहीच बोलला नाही. दिवसभर गॅलरीतल्या कुंड्यांत रमणारे यजमान म्हणाले, ‘हे उपद्व्याप सांगितले होते कुणी?’ त्या दिवसापासून मी हात आखडता घेतला. लोणचे घातले नाही, दिवाळीच्या चकल्याही विकत आणल्या. सून वाईट नाही, पण माझे तिला काही नकोच आहे असे वाटते. तिच्या माहेराहून, रत्नागिरीहून, येणारी आंब्याची साठे मात्र ती डब्यात जपून ठेवते. परवा नऊ वर्षांच्या नातीने विचारले, ‘आजी, या वर्षी चीक कधी?’ मला उत्तर देता आले नाही. उजव्या अंगठ्याचा सांधाही हल्ली दुखतो. या वर्षी करावे की कायमचे सोडून द्यावे? आणि सोडले तर बारा महिने या हातांनी करायचे तरी काय?
ता. क. : मागच्या वर्षीच्या कुरडयांचा अर्धा डबा तसाच पडून आहे. त्याचे काय करू?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी प्रश्नाचे उत्तर देते आणि मग त्याची कारणे सांगते. या वर्षी कुरडया जरूर करा. मात्र पाच किलोंच्या नको, एका किलोच्या करा, आणि गहू पाण्यात पडण्याच्या निदान आठ दिवस आधी घरातल्या सगळ्यांना जेवणाच्या वेळी तसे सांगा. परवानगी मागावी असे मी म्हणत नाही. ते घर तुमचेही आहे. पण ज्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे कुणाचे तरी कार्यालय रोज भरते, त्या घरात मिक्सर केव्हा लागणार हे आधी कळणे ही साधी सोय आहे. मागच्या वर्षी जे बिनसले त्यातले निम्मे तरी एवढ्यावरच टळले असते, असे तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर माझे मत झाले आहे.

तुम्ही गावी जे करत होता आणि मागच्या एप्रिलमध्ये पुण्यात जे केलेत, ती दोन्ही कामे दिसायला एकच असली तरी त्यांचा हिशेब वेगळा आहे. गावी पाच काय, दहा किलो गहू भिजले तरी ते एकट्या तुमच्या अंगावर पडत नव्हते. आज तुमच्या अंगणात, उद्या समोरच्या काकूंच्या, परवा कोपऱ्यावरच्या वहिनींच्या, अशी बायकांची सावड चालायची. चीक हाटायला एक, सोऱ्या फिरवायला दुसरी, खाटेवर पसरलेल्या धोतरावर कुरडया घालायला तिसरी आणि कावळे हाकलायला पोरे. आंबूस वास तिथेही यायचाच, पण तो मागच्या पडवीत राहायचा आणि गल्लीतल्या प्रत्येक घराला त्याच आठवड्यात तसाच वास असायचा. पुण्यात तुम्ही त्या सगळ्या गल्लीचे काम एकट्या दोन हातांनी, एका ओट्यावर, कुणालाही न सांगता अंगावर घेतलेत. तुमचे सगळे माप बिनचूक होते, पण ते गल्लीचे माप होते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या काळी कुरडई ही घराची गरज होती. पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की डब्यातले सांडगे, पापड, कुरडया यांच्यावर दिवस काढावे लागत, पाहुणा अवेळी आला की ताटात काहीतरी कुरकुरीत पडावे लागे, आणि वाळवण केले नाही तर वर्षभर अडत असे. त्यामुळे ते करणारीच्या कष्टांना आपोआप मान होता. आज तुमच्या घराचे कुरडईवाचून अडत नाही. हे कटू आहे, पण खरे आहे. मग उरते काय? उरतो तो त्या कामातला तुमचा आनंद, तुमची हातोटी, आणि नातीला आठवत असलेली चिकाची वाटी. यालाच आपण छंद म्हणतो. तो शब्द तुम्हाला हलका वाटेल. बायकांनी स्वयंपाकघरात केलेल्या कामाला छंद म्हणायची आपल्याकडे रीतच नाही. पण घरातल्याच माणसाकडे पाहा. तुमचे यजमान गॅलरीतल्या कुंडीत टोमॅटो लावतात, त्यासाठी माती, खत, फवारा आणतात, चिखल करतात आणि शेवटी चार टोमॅटो हाती येतात. त्यांना कुणी ‘बाहेर छान मिळतात हो’ असे म्हणत नाही, कारण ते टोमॅटो घराची भाजी भागवण्यासाठी लावलेले नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते खाऊन कुणी कृतज्ञता दाखवावी अशी त्यांचीही अपेक्षा नसते. तुमच्या पाच किलोंमागे मात्र ती अपेक्षा होती. वर्षभराची बेगमी मी करते आहे, तेव्हा घराने ती मनापासून स्वीकारावी, असे ते न बोललेले मागणे होते, आणि ते सुनेला बरोबर ऐकू गेले. एक किलोच्या कुरडयांत असे मागणे राहत नाही. (आणि यजमानांनी पुन्हा उपद्व्याप हा शब्द काढला, तर त्यांच्या फवाऱ्याकडे नुसते पाहावे. बोलू नये.)

आता सुनेच्या त्या वाक्याबद्दल. ‘हे सगळं बाहेर छान मिळतं हो, कशाला त्रास घेता?’ या वाक्याचा पूर्वार्ध तुम्ही वर्षभर मनात घोळवलात आणि उत्तरार्ध विसरलात. ज्या सासूचा अंगठा दुखतो, जी चार दिवस ओट्याशी उभी आहे, तिला उद्देशून कामाच्या गर्दीत सापडलेल्या सुनेने दुसरे काय म्हणायला हवे होते? शब्द थोडे मऊ असते तर बरे झाले असते, हे मान्य. पण ‘माझे तिला काही नकोच आहे’ एवढा मोठा निष्कर्ष या एका वाक्यावर उभा राहत नाही.

आणि ‘बाहेर मिळते’ यात तरी कमीपणा कसला? १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली, आणि तिथल्या भगिनी सकाळी पीठ घेऊन जातात व आपापल्या घरीच पापड लाटतात. आज तुमच्या भागातल्या बचत गटाकडून जी कुरडई येते, तीही अशीच कुणीतरी आपल्या गच्चीवर घातलेली असते. बाहेरचे म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरचे, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा उडदाचे पापड, शेवया आणि ज्यांत तुमचे मन विशेष रमत नाही ते सगळे खुशाल विकत आणा. बिबड्यांचेही मी तेच म्हणेन, कारण ज्वारी भिजवण्यापासून ओल्या हाताने कापडावर एकेक बिबडा थापण्यापर्यंतचे ते काम फ्लॅटमध्ये एकटीने करण्यासारखे नाही. गावी कुणी अजून करत असेल तर तिच्याकडून एक किलो मागवा आणि तिला योग्य दाम द्या. कुरडई तेवढी स्वतःकडे ठेवा, कारण नातीने चीक मागितला आहे. तिने पापड मागितलेला नाही.

तुमच्या पत्रात एक माणूस जवळजवळ दिसतच नाही, आणि तो म्हणजे तुमचा मुलगा. ‘मुलगा काहीच बोलला नाही’ या चार शब्दांत तुम्ही त्याला सोडून दिलेत आणि पुढचे सगळे पत्र सुनेवर लिहिलेत. ज्या मुलाने लहानपणी त्याच चिकावर साखर घालून वाटी चाटली असेल, जो कुरडया घालताना पायात पायात येत असेल, तो आज चाळिशीला आला म्हणून त्याचा आणि या कामाचा संबंध संपला काय? कुरडया झाल्या तर त्या सासूने करायच्या, आणि त्या नको म्हणायचे ते सुनेने, अशी वाटणी तुमच्या घरात कशी झाली, याचा जरा विचार करा. त्याला बोलवा. सोऱ्या फिरवायला मनगटात जोर लागतो आणि तुमचा अंगठा दुखतो, एवढे कारण पुरेसे आहे. रविवारी सकाळी दीड तास त्याने दिला तर तुमचे सगळे जड काम उरकते, आणि सुनेला त्या सकाळी झोपायचे असेल तर तिला झोपू द्या.

साठांचा उल्लेख तुम्ही तक्रार म्हणून केलात, पण मला त्यात वाट दिसली. साठे म्हणजे तरी काय? पिकलेल्या आंब्याचा रस आटवून ताटात पसरायचा, उन्हात सुकवायचा, सुकला की त्यावर दुसरा थर द्यायचा, आणि कोकणातल्या दमट हवेत पाऊस यायच्या आत हे सगळे उरकायचे. साठे हेही वाळवणच आहे. तुमच्या सुनेला उन्हात घातलेल्या वस्तूचे वावडे नाही. तिच्या जिभेवर आणि आठवणीत दुसरे वाळवण आहे, इतकेच. मे महिन्यात हापूस उतरला की, तिला सवड असेल त्या दिवशी, सहज विचारा की तुझ्या आईकडे रस किती आटवतात, साखर घालतात की नाही, ताटाला तूप लावतात का. ती सांगेल तसे एक ताट घालून पाहा. तिने शिकवावे आणि तुम्ही चुकावे, असा एखादा प्रसंग सासू-सुनेत कधीतरी यायलाच हवा. तुम्ही आयुष्यभर शिकवत आलात, त्यामुळे हे तुम्हाला थोडे जड जाईल, असा माझा अंदाज आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते, कारण फ्लॅटमधल्या एका किलोची रीत अंगणातल्या रीतीपेक्षा थोडी निराळी ठेवावी लागते. गहू निवडून, धुऊन बुधवारी संध्याकाळी भिजवा, म्हणजे दळण आणि गाळणे शनिवारी संध्याकाळी येईल व घालणे रविवारी सकाळी. पातेले ओट्यावर ठेवू नका. कपडे धुण्याच्या बाल्कनीत, सावलीत, वर जाळीचे झाकण घालून ठेवा. गावी आपण दिवसातून एकदा पाणी बदलत होतो, इथे सकाळ-संध्याकाळ दोनदा बदला. आंबण्याची क्रिया थोडी हवीच असते, तिच्यामुळे गहू मऊ पडतो आणि कुरडईला तिची चव येते. परंतु तेच पाणी राहिले की वास चढतो आणि कुरडयाही लालसर होतात. चौथ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की पांढरे दूध बाहेर यायला हवे. मिक्सरमध्ये थोडे थोडे वाटून भरपूर पाण्यात कालवा, हाताने पिळा, चोथा वेगळा काढा, पुन्हा पाणी घालून पिळा, आणि सगळे पाणी पातळ कापडातून गाळून रात्रभर न हलवता ठेवा.

इथे नातीला जवळ बसवा. गव्हातला चिकट भाग चोथ्यात का राहिला आणि पिठूळ भाग पाण्याबरोबर का गेला, रात्री दुधासारखे दिसणारे पातेले सकाळी वर निवळ पाणी आणि खाली घट्ट पांढरा थर असे दोन भागांत कसे वेगळे होते, तो थर बोट लावताच आधी दगडासारखा का लागतो आणि हलवला की वाहतो कसा, या गोष्टी नऊ वर्षांच्या मुलीला शाळेच्या प्रयोगवहीपेक्षा चांगल्या कळतील. वरचे पाणी अलगद ओतून टाका. खालचा चीक वाटीने मोजा आणि जितका चीक तितकेच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेवा. त्यात मीठ, हिंग आणि चमचाभर तेल घाला. पाण्याला उकळी आली की एका हाताने चीक ओतायचा आणि दुसऱ्या हाताने लाकडी दांड्याने हाटत राहायचे, गुठळी होऊ द्यायची नाही. हे दोन माणसांचे काम आहे, तेव्हा मुलाला त्याआधीच उठवा. पांढराशुभ्र चीक हळूहळू काचेसारखा पारदर्शक होऊ लागतो. तसा तो पूर्ण झाला की झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा काढा. कच्चा राहिला तर कुरडई वाळल्यावर तुटते. सोऱ्यात घालण्याआधी एक वाटी बाजूला काढा, तिच्यावर तूप आणि साखर घाला, आणि ती नातीच्या हातात द्या. तिच्या प्रश्नाचे उत्तर तेच आहे.

निघालेला चोथा मात्र टाकू नका. त्यात तीळ, जिरे, तिखट, मीठ घालून भुसवड्या कशा घालायच्या हे खानदेशच्या माणसाला मी सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल.

हवेचे म्हणाल तर पुण्यात मार्चची अखेर आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा हा काळ उत्तम, कारण ऊन कडक असते, हवा कोरडी असते आणि वळवाची भीती तुलनेने कमी असते. हे मी सोसून शिकले आहे. एका वर्षी मुलांच्या परीक्षा, पाहुणे, असे करत करत मी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तीन किलोंच्या कुरडया गच्चीवर घातल्या आणि दुपारी बाहेर कामाला गेले. चार वाजता आभाळ भरून आले. मी रिक्षातून उतरून चार जिने चढेपर्यंत धोतरावर कुरडयांच्या जागी एकच सलग लगदा तयार झाला होता, आणि वरच्या मजल्यावरच्या आजी दोन कुरडया तेवढ्या वाचवून पदराखाली धरून जिन्यात उभ्या होत्या. त्या दोन कुरडया आम्ही त्याच संध्याकाळी तळल्या. ओल्याच होत्या, फुलल्या नाहीत.

सोसायटीच्या गच्चीला कुलूप असेल तर अध्यक्षांना दोन ओळींचे पत्र द्या. शनिवार-रविवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, अमुक कोपऱ्यात, एवढे नेमके लिहिले की सहसा कुणी नाही म्हणत नाही. मोघम विचारले की नियम दाखवतात. एका किलोला एक जुने धोतर किंवा सुती साडी पुरते. पुण्यातली कबुतरे हा कावळ्यांपेक्षा वाईट प्रकार आहे, म्हणून वरून मच्छरदाणीचे जुने कापड चारी बाजूंनी विटा ठेवून ताणून घाला. दुसऱ्या दिवशी कुरडया उलटवा, आणि मोडल्यावर कट्ट आवाज आला की मगच डब्यात भरा.

अंगठ्याचे मात्र अंगावर काढू नका, एकदा डॉक्टरांना दाखवा. तोवर पिळणे, घट्ट झाकणे उघडणे, सोऱ्याची मूठ फिरवणे ही सगळी कामे दुसऱ्याच्या हाती द्या. चोथा पिळायचा तो यजमानांनी पिळावा. रोज माती कालवणाऱ्या हातांना ते जड जाणार नाही.

राहिला बारा महिन्यांचा प्रश्न. तुम्ही तो एका ओळीत विचारलात, पण खरे दुखणे तेच असावे, असे मला वाटते. वाळवण फार तर दोन आठवड्यांचे. उरलेल्या वर्षाचे काय? सणवार आणि त्यांचे पदार्थ मी इथे मोजत बसत नाही, ते तुम्हाला पाठ आहेत. दोनच गोष्टी सुचवते. पहिली पावसाळ्यासाठी. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुण्यात पाऊस लागला की गच्ची बंद होते आणि आपल्यासारख्या बायकांना घर अंगावर येऊ लागते. गोधडी शिवायला घ्या असे मी एरवी म्हटले असते, पण सुई चिमटीत धरून तासन्‌तास धावदोरा घालणे तुमच्या अंगठ्याला आज मानवणार नाही. त्याऐवजी एक वही आणा. आपल्या आया-आज्यांनी सगळे काही अंदाजाने केले आणि अंदाजानेच सांगितले. मूठभर, चिमूटभर, ‘मावेल तेवढे’. तुमची मूठ तुमच्याबरोबर आहे, ती उद्या कुणाला कशी कळणार? गहू किती, पाणी किती, मीठ किती, कानबाईच्या रोटांचे गहू कसे मोजतात, कळण्याच्या भाकरीला ज्वारीत उडीद किती घालतात, हे सगळे रोज एक पान या हिशेबाने तुम्ही सांगा आणि नातीने लिहावे. तुम्ही प्राथमिक शिक्षिका होता, तेव्हा शुद्धलेखन घालणे काय असते हे मी सांगायला नको. वेलांटी चुकली की तिला पुन्हा लिहायला लावा, पण पदार्थाला गुण देऊ नका. आणि या वहीत साठांसाठी दोन पाने सुनेकरिता राखून ठेवा.

दुसरी गोष्ट थंडीची. डिसेंबरमध्ये जळगावकडची लांबट, हिरवी, बिया कमी असलेली भरिताची वांगी पुण्याच्या मंडईतही दिसू लागतात. २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. गावी शेतात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून, हिरवी मिरची-लसूण ठेचून, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून भरीत करायचे ते बहुतेक पुरुषच. तुमच्या यजमानांनी ते गावी केले नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. कपाशीच्या काड्या पुण्यात मिळणार नाहीत, गॅसच्या जाळीवर त्या धुराची चव येणार नाही, ते नाराजीने तसे बोलून दाखवतील आणि तरीही करतील. थंडीतला एक रविवार त्यांच्याकडे सोपवा आणि त्या दिवशी ओट्यावर जो पसारा होईल त्याबद्दल अवाक्षर काढू नका. संक्रांतीच्या आधीच्या कडाक्यात पहाटे काटेरी हलवा करून पाहण्याची हौस असेल तर तीही वाटीभर तिळांवर भागवा. थंडी नसेल तर काटा येत नाही आणि मग उगाच चिडचिड होते.

लोणच्याचे म्हणाल तर तुम्ही गेल्या वर्षी ते घातले नाहीत, आणि कुणी विचारलेही नाही याचे तुम्हाला वाईट वाटले असावे. या वर्षी जूनच्या तोंडाशी दोनच राजापुरी कैऱ्यांचे घाला. बरणी छोटी असली की ती लवकर संपते, आणि संपलेली बरणी पाहिली की लोक स्वतःहून विचारतात.

शेवटी तुमचा ताजा कलम. मागच्या वर्षीच्या कुरडयांचा अर्धा डबा टाकून देऊ नका. आधी उघडून वास घ्या आणि एक कुरडई मोडून पाहा. कुबट वास नसेल, कीड नसेल आणि ती कट्ट मोडत असेल, तर एक दुपारभर गॅलरीत कडक ऊन द्या. तळायच्या असतील तर एखाददुसऱ्याच तळा. पण रात्रीच्या जेवणाला त्यांची भाजी करा, असे मी सुचवेन. आठ-दहा कुरडया हाताने मोडून गरम पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवा आणि चाळणीत निथळत ठेवा. फोडणीत मोहरी, जिरे, हिंग, हळद, भरपूर उभा चिरलेला कांदा आणि दोन हिरव्या मिरच्या परता, कांदा मऊ झाला की त्यात त्या कुरडया घालून हलक्या हाताने हलवा आणि एक वाफ काढा. वरून दाण्याचे कूट आणि कोथिंबीर घाला. मीठ मात्र सगळ्यांत शेवटी, चव पाहून घाला. कुरडईत ते आधीच असते.